लिव्हरच्या कॅन्सरचं ऑपरेशन: आधी आणि नंतर या चुका टाळा

ऑपरेशन झालं की घरचे पेढे आणतात आणि गोळ्या बंद करतात. पेढ्यांना माझी हरकत नाही.

सांगलीकडचे एक शेतकरी होते. हिपॅटायटिस-बीमुळे झालेली एकच गाठ, बाकी लिव्हर बऱ्यापैकी शाबूत. गाठ काढली, कापलेल्या कडांवर कॅन्सर उरला नव्हता, ते चालत घरी गेले. एंटेकॅव्हिर, म्हणजे विषाणू दाबणारी गोळी, रोज घ्यायची, असं कागदावर लाल पेनानं लिहून दिलं होतं. गावात कुणीतरी म्हणालं, "कॅन्सर काढला ना? मग रोज कशाला, गरम पडतं ते." काही महिन्यांनी आले तेव्हा डोळे पिवळेधमक, पोटात पाणी. गाठ परतली नव्हती. विषाणूनं उचल खाल्ली होती आणि उरलेलं लिव्हर त्यात होरपळलं होतं. ते वाचले, पण पुन्हा गाठ झाली तर ऑपरेशन झेपेल असं लिव्हर आता त्यांच्याकडे नाही.

ऑपरेशननं गाठ जाते, विषाणू लिव्हरच्या पेशींतच राहतो. एंटेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर त्याला दाबून ठेवतं, हाकलत नाही. ऑपरेशननंतर ५ वर्षांत निम्म्याहून जास्त रुग्णांना गाठ पुन्हा होते. पहिल्या २ वर्षांतली बहुधा जुन्या गाठीच्या मागे राहिलेल्या पेशींची, त्यानंतरची बरेचदा अगदी नवी. ही नवी गाठ टाळायची तर गोळी हवीच. ३ महिन्यांच्या गोळ्या नातेवाइकांच्या हातात दिसल्याशिवाय मी डिस्चार्जवर सही करत नाही. परवडत नसेल तर सरकारी हिपॅटायटिस कार्यक्रमात टेनोफोव्हिर मोफत मिळतं.

दुसरी चूक ऑपरेशनच्या आधीची, घाईची. "डॉक्टर, उद्याच कापा." सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी कडक झालेलं लिव्हर, असेल तर साधारण ४० टक्के लिव्हर मागे उरावं लागतं. तेवढं उरत नसेल तर गाठीच्या बाजूची पोर्टल व्हेनची (लिव्हरला रक्त आणणारी शीर) शाखा बंद करून दुसरी बाजू वाढू देतात, त्याला ४ ते ६ आठवडे लागतात. तेवढ्यात नातेवाईक लगेच कापणारा डॉक्टर शोधून काढतात. असा डॉक्टर सापडतोच, हेच दुर्दैव.

एएफपी ही रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणजे गाठ नाही, असं समजू नका.

हिपॅटायटिस-सी गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त जणांचा बरा होतो. पण सिरॉसिस असेल तर दर ६ महिन्यांची सोनोग्राफी त्यानंतरही सुटत नाही.

सिरॉसिसमधली गाठ सीटीत आधी उजळून नंतर ठरावीक पद्धतीनं फिकी पडत असेल, तर बहुतेकदा बायोप्सी (सुईनं तुकडा काढून तपासणं) लागत नाही. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडण्याचा धोका उगाच कशाला घ्यायचा?

आणि हिपॅटायटिस-बी असेल तर नवरा-बायको, भावंडं, मुलं, सगळ्यांची एचबीएसएजी (हिपॅटायटिस-बीची रक्ततपासणी) ऑपरेशनच्या आधीच करून घ्या. नंतर कुणी फिरकत नाही.