थंडीआधी गिझर उघडला

ठाण्यात घोडबंदर रोडला थंडी ती काय, डिसेंबर-जानेवारीतल्या चार पहाटा. पण बाबांना बाराही महिने कढत पाणी लागतं, आणि दिवाळीपासून गिझर कुरकुरत होता: पाणी कोमट, आतून तडतड आवाज. सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी मिसळून येतं, तेव्हा क्षाराचा संशय होताच.

आधी एमसीबी (वीज तोडणारा मुख्य खटका) पाडला, टेस्टरने खात्री केली, मग इनलेटचा कॉक बंद करून टाकी रिकामी केली. (२००० वॅटच्या वस्तूशी नुसत्या स्विचच्या भरवशावर खेळू नये.) खालची प्लेट उघडली तर कॉइलवर जाड पांढरा थर, आणि शेजारच्या मॅग्नेशियम रॉडची नुसती तार उरलेली. हा रॉड स्वतः झिजतो म्हणून टाकी गंजत नाही; सर्व्हिसवाले मात्र त्याचं नावही काढत नाहीत. टर्मिनल (वायर जोडायची टोकं) कोरडी ठेवून कॉइल रात्रभर व्हिनेगरच्या पाण्यात बुडवली, सकाळी थर भुसभुशीत होऊन निघाला. रॉड नवा घातला, रबरी गॅस्केटही. जुनं गॅस्केट परत बसवलं की हमखास गळतं. गरम पाण्याच्या नळाला सलग धार आल्यावरच स्विच लावला, कारण कोरडी कॉइल जळते. थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवलाय. त्याहून वर नेला की क्षार भराभर चढतो.