अक्षरं गोलात मांडा

वडोदऱ्याला दांडिया बाजारात आत्याकडे दुपारी स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्या जुळवून इंग्रजी शब्द बनवायचा खेळ) रंगतं. तिथे शिकलेली युक्ती सांगतो. अक्षरं ओळीत ठेवू नका, गोलात मांडा. ओळीत डोळा तेच ते वाचत राहतो. पाच अक्षरी शब्द हवाय? आधी शेपूट लावून बघा: ई-आर, ई-डी, एस-टी. समजा ए, एल, ई, आर, टी हाती आली. ई-आर शेवटी सरकवलं की उरलेल्या तिनांतून 'लेटर' निघतो (चिठ्ठीवाला नव्हे, 'नंतर'वाला) आणि 'ऑल्टर'ही. आर-टी शेवटी नेलं की 'अलर्ट'! आत्या तर तोंडातल्या तोंडात शेपटंच पुटपुटते. एस मात्र जपून वापरा, 100 सोंगट्यांत चारच असतात. ई बारा असतात, त्या खुशाल उधळा.