न्याहारीची फेरी : पौड, कोळवण, पवनानगर

आपल्या फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देणाऱ्या) गाड्यांच्या ताफ्याला रविवारी सकाळी सहाला पुण्याचा चांदणी चौक सोडायचा आहे, म्हणून गाडीची सगळी कामं शनिवारी दुपारपर्यंत उरकून घ्या. टायर गार असताना हवा तपासा आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा दिलाय तोच ठेवा. या वाटेवर वाळू नाही आणि खोल चिखलही नाही, त्यामुळे हवा कमी करायची वेळ येणार नाही. स्टेपनीची हवा हमखास राहून जाते, ती आठवणीने बघा. जॅक-पाना गाडीत आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. चाकाचा एखादा नट सैल करून परत आवळून बघा, कारण टायरवाल्याने मशिनने आवळलेला नट कधी कधी हातपान्याला दाद देत नाही. कूलंट, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, वायपरचं पाणी बघा, टाकी आदल्या दिवशीच भरा. लायसन्स, विमा आणि पीयूसी मोबाईलमध्ये डिजिलॉकरला असू द्या.

गाडीचं फोर बाय फोर नीट पडतं का, हेही शनिवारीच बघायचं, पण डांबरावर नाही. थार, जिम्नी, जिप्सी यांच्या फोर बाय फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक सुटायला वाट मिळत नाही, मग स्टिअरिंग जड होतं आणि सगळा ताण गिअरबॉक्सच्या पोटात साठतो. मातीवर चाकं जराशी घसरतात आणि ताण निघून जातो. म्हणून जवळचं मातीचं मैदान गाठा आणि फोर हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाकून सावकाश दोन फेऱ्या मारा. लो रेंज (कमी वेग, जास्त जोर) टाकताना गाडी उभी हवी, गिअर न्यूट्रलला हवा. जुन्या जीप-जिप्सीवाल्यांनी खाली उतरून पुढच्या चाकांचे हब (चाक धुऱ्याला जोडणाऱ्या मधल्या चकत्या) हाताने फिरवून बघा. पावसाळाभर हात न लागलेले हब बऱ्याचदा जाम झालेले असतात.

ओढायचा दोर आणि शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी) प्रत्येकाने आणायची गरज नाही, लीड आणि स्वीप, म्हणजे ताफ्यातली सगळ्यात पुढची आणि सगळ्यात मागची गाडी, यांच्याकडे पुरेसं सामान आहे. तुमच्या गाडीचा चॅसीला बसवलेला हुक कुठे आहे एवढं मात्र माहीत करून घ्या. मागच्या टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) दोर कधीच अडकवायचा नाही. तो गोळा तुटला तर माणसाच्या जिवावर बेततं.

परवाना न लागणारे वॉकीटॉकी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी रात्रभर चार्जिंगला लावा, कारण हाडशीच्या पुढे मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. ताफ्यात नवीन येणाऱ्यांनी एकच नियम पक्का लक्षात ठेवा : तुमच्या मागची गाडी ही तुमची जबाबदारी. फाटा आला की वळण्याआधी थांबा, मागच्याला तुम्ही दिसलात आणि त्याने इंडिकेटर दिला की मगच वळा. पुढची गाडी दिसेनाशी झाली तरी घाबरून वेग वाढवायचा नाही, ती पुढच्या फाट्यावर तुमच्यासाठी थांबलेलीच असेल. कोळवण खोऱ्यात पहाटे दाट धुकं असतं, आणि नोव्हेंबरात सूर्य उगवायलाच पावणेसातच्या आसपास होतात. धुक्यात लो बीम ठेवा. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावलेत तर तुम्ही कुठे वळताय ते मागच्याला कळत नाही.

आता मुख्य गोष्ट, गावाची. हे दिवस इंद्रायणी भाताच्या काढणीचे आहेत. वाटेत डोक्यावर भारे घेतलेली माणसं भेटतील, बैलगाडी भेटेल, कडेला वाळत घातलेलं भात दिसेल. त्यावरून चाक नेऊ नका. वाट अरुंद असली तर आपण मागे घ्यायचं. गावात आणि वस्तीजवळ वीसच्या वर जाऊ नका, नाहीतर मुरमाची धूळ थेट लोकांच्या ओट्यावर जाते. खाचराच्या बांधावर एक चाकसुद्धा चढवायचं नाही. फोटो कितीही छान येणार असला तरी नाही, कारण फुटलेला बांध पुन्हा घालायला त्या घराचा अख्खा दिवस जातो.

न्याहारी गावातल्याच एका घरी सांगितली आहे : कांदेपोहे, आणि ज्यांना जड चालतं त्यांना तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. चुलीवरची भाकरी तव्यावर फुगलेली असतानाच ताटात घ्या, बाकी गप्पा नंतर. पण त्यासाठी आकडा नेमका हवा. किलोभर पोह्यांत दहा-बारा माणसं होतात, आयत्या वेळी आठ जण वाढले तर त्या माऊलीची धांदल उडते, आणि आठ कमी आले तर तिचं अन्न वाया जातं. तेव्हा मुलांसकट, आजी-आजोबांसकट किती येणार ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवा. कोणाचा उपवास असेल, कोणाला शेंगदाणे चालत नसतील, तेही सांगा. ताट, वाटी, पेला घरून स्टीलचे आणा. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासूनच बंदी आहे. पैसे रोख आणि सुटे ठेवा. रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत आणि यजमानांना ताटकळत बसावं लागतं. बसायला सतरंजी, पाण्याच्या मोठ्या बाटल्या, कचऱ्याला एक पिशवी. लहान मुलांना स्वेटर घाला आणि वळणावर उलटी होणाऱ्याला पुढे बसवा.

न्याहारीनंतर जवणमार्गे तिकोना पेठ. तिथे तिकोना डोक्यावर येतो, पुढे पवनेच्या पाण्यापलीकडे तुंग आणि लोहगड दिसतात. जलाशयाच्या काठाशी गाडी उतरवायची नाही, वरून कोरडी वाटणारी माती आत भुसभुशीत असते. अकराच्या आत पवनानगर सोडू, म्हणजे लोणावळ्याची गर्दी वाढायच्या आत कामशेतला जुन्या हायवेला लागता येईल. डांबर लागलं की टू हाय (फक्त दोन चाकांना ताकद) टाकायला आणि हब मोकळे करायला विसरू नका.