जुनी रोडकिंग घेऊन सातपुड्यात निघालात? या चुका टाळा

होळीच्या आदल्या दिवसाची गोष्ट, सकाळचे साडेदहा. धुळ्याहून निघून नरडाणा मागे टाकलं होतं. सावळद्याचा तापीवरचा पूल आता येईलच असं वाटत असताना माझी येझदी रोडकिंग मोटरसायकल एकाएकी जड झाली. इंजिनातून बारीक टिणटिण ऐकू आली आणि मागचं चाक घासत थांबलं. हात सवयीने क्लचवर गेला म्हणून आडवा झालो नाही. शेजारच्या वावरातून एक बाबा बांधावर आले, गाडीकडे बघून म्हणाले, "काय व्हयनं भाऊ? गाडी तापी गई का?"

तापी नदी हाकेच्या अंतरावर आणि गाडीही तापी गई. त्यांना विनोद करायचा नव्हता, पण बरोबरचे दोघे अजून ते वाक्य मला ऐकवतात.

बेत मोठा होता. शिरपूर, शहादा, तोरणमाळ, धडगाव, मोलगी असं कच्च्या-पक्क्या रस्त्यांनी फिरत काठी गावच्या राजवाडी होळीला पोचायचं. त्यासाठी चारच दिवस आधी सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कातून, नवा पिस्टन आणि नव्या रिंगा टाकल्या होत्या. गाडी इतकी वर्षं कुरकुरत का होईना चालत होती. नवीन केली आणि पन्नास किलोमीटरही गेली नाही. तेव्हापासून जुन्या गाडीत काही बिघडलं की मी सगळ्यात आधी नव्या पार्टवर संशय घेतो.

शेवटच्या आठवड्यात इंजिन उघडणं

ही चूक सगळ्यांत महागाची. बोअर केलेल्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना सरावलेले नसतात. पहिले ५०० ते १००० किलोमीटर गाडी हळू चालवावी लागते, अधूनमधून थांबवून गार होऊ द्यावी लागते, एकाच वेगात ताणून चालत नाही. मी नेमकं उलट केलं. मुंबई-आग्रा हायवे, मार्चचं ऊन, मागे बांधलेलं वीस-बावीस किलो सामान आणि तासभर एकच स्पीड.

लेथवाल्याने पिस्टन-सिलिंडरमधला गॅप कमी ठेवला होता का, हा वाद नंतर खूप झाला. तो म्हणाला ठेवला नाही, मी म्हटलं ठेवला. बोअर करून आलेला सिलिंडर मी फिलर गेजने (फट मोजायच्या पात्यांनी) तपासलाच नव्हता, त्यामुळे माझ्या बोलण्याला तसा काही आधार नाही.

आता मी एक तारीख ठरवतो. प्रवासाच्या तीन आठवडे आधी हेड, पिस्टन, क्रँक, गिअरबॉक्स यांना हात लावणं बंद. त्यानंतर गाडी फक्त चालवायची, तीही सामान बांधून. धुळ्याहून लळिंगचा घाट, सोनगीर, साक्रीकडचे कच्चे रस्ते असे दोन-तीनशे किलोमीटर घराजवळ फिरायचं. जे तुटायचं ते इथे तुटू दे, संध्याकाळी टेम्पोत टाकून घरी आणता येतं.

आणि गाडी धरलीच, म्हणजे पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकलाच, तर? आवाज पातळ झाला, ताकद गेली असं वाटताच क्लच दाबायचा, थ्रॉटल सोडायचा, बाजूला घ्यायची. अर्धा तास हात लावायचा नाही. तापलेल्या सिलिंडरवर पाणी ओतणारे लोक अजून आहेत, त्यांना प्रेमाने दूर ठेवा. गार झाल्यावर प्लग काढून किक हाताने दाबून बघा. मोकळी फिरली तर ४०च्या वेगाने जवळचं गाव गाठता येतं.

पेट्रोल पूर्वीचंच आहे असं समजणं

रोडकिंग म्हैसूरच्या आयडियल जावाने १९७८ ते १९९६ या काळात बनवली. तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल हा विषयच नव्हता. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. नव्या गाड्यांना ते चालतं, आपल्या गाडीला तीन ठिकाणी त्रास देतं.

पहिलं म्हणजे रबर. जुना पेट्रोल पाइप आणि टाकीखालच्या कॉकचे (तोटीचे) वॉशर फुगतात, मऊ पडतात, मग पाझरतात. पाइप इथेनॉल सोसणारा घ्या, फार महाग नाही. टाकीला आतून कोटिंग केलं असेल तर त्याचे पापुद्रे सुटून कॉकमध्ये अडकू शकतात, तेही बघा.

दुसरं, पाणी. इथेनॉल ओलावा ओढून घेतं. पावसाळाभर गाडी उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी थर बसतो आणि कॉक तळातूनच ओढतो. पेट्रोलमध्ये मिसळलेलं २टी ऑइल (टू-स्ट्रोकचं ऑइल) त्या थरात जवळजवळ नसतं. दसऱ्याला गाडी काढली, किक मारली, लगेच गावभर फिरवली, असं करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आधी टाकी रिकामी करा, कार्बोरेटरचा वाडगा काढून पुसा.

तिसरं मला सगळ्यात उशिरा कळलं. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून (इंधन सोडणाऱ्या बारीक भोकातून) हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ पार जातो, त्याची भर वेगळीच. मेन जेट एक-दोन नंबर मोठा घालून बघा आणि प्लगचा रंग वाचा. चांगलं पळवून, इंजिन एकदम बंद करून प्लग काढायचा: चहासारखा तपकिरी असेल तर ठीक, पांढरटसर असेल तर पुढे जाऊ नका, काळा आणि ओला असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त आहे.

ऑइलचं प्रमाण मी लिटरला ४० मिली धरतो, म्हणजे पाच लिटरला २०० मिली. अंदाजाने ओतू नका. औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण चालतं, तेच माझ्याकडे आहे. टाकी भरायच्या आधी एका बाटलीत थोड्या पेट्रोलमध्ये ऑइल घुसळून मग ओतलं की नीट मिसळतं. शहाद्याच्या पुढे २टी ऑइल मिळेलच या भरवशावर जाऊ नका, पूर्ण प्रवासाचं बरोबर ठेवा.

घाट उतरताना थ्रॉटल मिटून बसणं

हे सांगणारे मेकॅनिक आता कमी राहिले. शहादा ते तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर, वर जवळजवळ ११५० मीटर उंची. चढताना सगळे काळजी घेतात. उतरताना मात्र खालचा गिअर, थ्रॉटल पूर्ण बंद आणि दृश्य बघत निवांत. फोर-स्ट्रोकमध्ये असं चालतं, कारण तिचं ऑइल वेगळं फिरत असतं. आपल्या टू-स्ट्रोकला ऑइल मिळतं ते फक्त पेट्रोलबरोबर. थ्रॉटल बंद, म्हणजे पेट्रोल बंद, म्हणजे ऑइलही बंद, आणि इंजिन मात्र उताराच्या जोरावर भराभर फिरतंय. चांदसैली घाटात, चढ संपून उतार लागल्यावर गाडी धरलेली मी स्वतः पाहिली आहे. मालक म्हणत होता, "चढतांना काहीच झालं नाही हो."

उपाय सोपा. गिअर खालचाच ठेवा, पण दर काही सेकंदांनी थ्रॉटलला हलका झटका द्या. ब्रेकवर सगळा भार टाकू नका, ड्रम ब्रेक तापले की पकडत नाहीत. लांब उतारावर मध्ये थांबा. थांबायला तोरणमाळच्या घाटाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

बंद पडली की पहिला हात कार्बोरेटरला

आपल्याकडे गाडी बंद पडली की "कार्बोरेटर साफ करा" हे ठरलेलं. त्याआधी दोन मिनिटं विचार करा, बंद कशी पडली?

आठ-दहा किलोमीटर गेली, मग गचके देत पेट्रोल संपल्यासारखी बंद झाली आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू झाली, तर टाकीचं झाकण उघडून बघा. हवा आत ओढल्याचा सूं आवाज आला तर झाकणाचं भोक बुजलंय. टाचणीचं काम. मोलगीच्या अलीकडे एका मित्राने याच बिघाडासाठी कार्बोरेटर तीनदा उघडला होता. तिसऱ्यांदा एक जेट धुळीत हरवला. तो शोधण्यात गेलेला तास मोजला तर झाकणाचं ते भोक फार महाग पडलं.

गार असताना एका किकला चालू, तापली की बंद, आणि गार झाल्याशिवाय ऐकत नाही, तर ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतला कंडेन्सर किंवा कॉइल. पॉइंटचं (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काचं) झाकण काढून किक मारा. पॉइंटवर मोठी पिवळसर ठिणगी आणि प्लगवर मात्र मरतुकडी, असं असेल तर कंडेन्सर गेला. पॉइंट पॉलिश पेपरने घासून गॅप ०.४ मिमी ठेवा.

थ्रॉटल सोडूनही इंजिन आपोआप चढत असेल तर पॉइंटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील हवा ओढतंय. उलट पांढरा धूर थांबतच नसेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल तर क्लच बाजूचं सील. या दोन्हींची दुरुस्ती रस्त्यावर होत नाही, ते बिघाड घरीच ओळखायचे. ताकद हळूहळू कमी होत गेली असेल तर सायलेन्सरमध्ये कार्बन भरला असेल. मागची जाळी काढून जाळून साफ करा.

काळ्या मातीला कमी लेखणं

बाहेरून येणारे डोंगराला घाबरतात. मला तापीकाठच्या काळ्या मातीची जास्त धास्ती आहे. जानेवारीतही केळीला, गव्हाला पाणी दिलेलं असतं आणि वावरातून वाहून ते गाडीवाटेवर येतं. चाकाला चिकटलेली माती मडगार्डमध्ये कोंबली जाते आणि दहा फुटांवर पुढचं चाक फिरायचं थांबतं. रोडकिंगचं पुढचं मडगार्ड चाकाला जवळ असतं. वॉशर घालून ते वर घेता येत असेल तर घ्या. एक लाकडी पट्टी बरोबर ठेवा, बोटांनी माती काढत बसण्यापेक्षा बरी. पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी सरळ डांबरीने जा.

वेड्या बाभळीचा काटा टायर ओळखत नाही. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी कडेला भेगा असतील तर बदला. दोन्ही चाकं १८ इंची असल्याने अडीअडचणीला एकच जादा ट्यूब पुरते. आणि घरी एकदा तरी स्वतः चाक काढून पंक्चर काढून बघा. आऱ्याही त्याच वेळी पान्याने वाजवून बघा, सैल आऱ्याचा आवाज वेगळा येतो.

कागद

आरसीची १५ वर्षांची मुदत संपल्यावर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. जुन्या जावाचे मालक एक गोंधळ करतात. २०२१ च्या नियमाने ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरमध्ये "व्हीए" येतं. पण तशी गाडी रोजच्या रस्त्यावर फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच काढता येते. सातपुड्यात भटकायचं असेल तर साधी नोंदणीच ठेवा. यावल अभयारण्यात, पालकडच्या बाजूला, वनखात्याला विचारल्याशिवाय आडवाटेने शिरू नका.

बरोबर काय

क्लच आणि थ्रॉटलची जादा केबल. ही पिशवीत ठेवण्यापेक्षा मूळ केबलच्या शेजारून आधीच ओढून टेपने बांधा, तुटली की टोकं जोडायची फक्त. दोन प्लग, पॉइंट, चेन लिंक, बांधायची तार, पंक्चरचं सामान, हातपंप, फिलर गेज. टू-स्ट्रोकची थरथर नट सैल करते, म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी इंजिन माउंटिंग, सायलेन्सर, कॅरिअर एकदा पान्याने बघायचं.

आणि एक कंडेन्सर. दुकानातला कोरा नको. सध्याचा चालू कंडेन्सर काढून तो पिशवीत टाका, गाडीत नवा बसवून महिनाभर आधीपासून चालवा. माझ्या पिशवीतला असा जुना कंडेन्सर धडगावच्या अलीकडे कामाला आला होता, आणि तो अजून गाडीतच आहे.