राजवाड्याच्या डागडुजीचा हिशेब मागताय? या चुका टाळा

कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरच्या किल्ल्यात राणी चन्नम्मांच्या वाड्याचे अवशेष बघताना मनात येतंच, की दुरुस्तीचे पैसे जातात कुठे? प्रश्न रास्त आहे. जनतेच्या पैशातून खर्च होत असेल तर पै-पैचा हिशेब मिळालाच पाहिजे. पण माहिती अधिकाराचा अर्ज फुकट जातो तेव्हा खोट बऱ्याचदा अर्जातच असते.

वास्तू कोणाची हे न बघता अर्ज टाकणं. कित्तूरचा किल्ला राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती मात्र केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, म्हणजे धारवाड मंडलाकडे. संस्थानी वाड्यांचं प्रकरण आणखी वेगळं. 1948-49 साली दक्षिणेतली संस्थानं विलीन झाली तेव्हा संस्थानिकांच्या खासगी मालमत्ता वेगळ्या काढल्या गेल्या. 1971 च्या 26 व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद झाले, वाड्यांची मालकी गेली नाही. त्यामुळे आधी सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे मालकीची नोंद असलेला कागद काढा. वाडा खासगी निघाला तर मालकाकडून या कायद्याने हिशेब मागता येत नाही. पण त्याला सरकारी अनुदान मिळालं असेल, तर ते देणाऱ्या खात्याला जरूर विचारा.

मराठीतच अर्ज देण्याचा हट्ट. हे लिहिताना मलाही वाईट वाटतं. पण कायद्याच्या कलम 6 नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यावा लागतो, आणि इथे ती कन्नड आहे. मराठी अर्ज परत करायला खात्याला आयतं कारण मिळतं. हिंदीत लिहा, लिपी आपलीच आहे. गाऱ्हाण्याचं निवेदन मात्र खुशाल मराठीत द्या. राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत ते देण्याचा हक्क घटनेच्या कलम 350 ने दिलेला आहे, आणि तो आपण सोडता कामा नये.

"अशी दुर्दशा का?" असं विचारणं. सगळ्यात जास्त अर्ज इथे वाया जातात असं माझं मत आहे. खातं तुम्हाला कागद देणं लागतं, खुलासा नाही. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा: अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, कंत्राटदाराची देयकं. यातली मोजमाप पुस्तिका कधीही सोडू नका. कुठल्या भिंतीला किती चौरस मीटर गिलावा झाला हे तिच्यात लिहिलेलं असतं. टेप घेऊन भिंतीपाशी उभं राहिलं की कागद आणि काम यातला फरक लगेच कळतो. अंदाजपत्रकात चुना आहे आणि भिंतीवर सिमेंट आहे का, हेही बघा. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, क्षार फुलतात आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा पोपडे धरून सुटतो. जाताना जुन्या विटेचा थरही घेऊन जातो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2 प्रमाणे कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचाही अधिकार तुम्हाला आहे. फार थोडे लोक तो वापरतात. जरूर वापरा.

कर्नाटकच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, तोही साधारण 150 शब्दांत. कित्तूर उत्सवाचा मंडप आणि किल्ल्याची डागडुजी एकाच अर्जात घालू नका. दोन्हींचा हिशेब वेगळा असतो. अर्जाची फी 10 रुपये.

जुने कागद हवे असतील तर नुसतं बेंगळुरूकडे बघू नका. 1956 पूर्वी बेळगाव मुंबई राज्यात होतं आणि रायबाग त्याआधी कोल्हापूर संस्थानात. कोल्हापूर आणि मुंबईच्या पुराभिलेखागारांतही चौकशी करा.

30 दिवस उलटले की गप्प बसणं. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर त्यांनीच तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, म्हणून "आमच्याकडे नाही" एवढ्या उत्तरावर थांबू नका. मुदतीत माहिती आली नाही तर पुढे ती विनाशुल्क द्यावी लागते. पहिलं अपील त्यानंतरच्या 30 दिवसांच्या आत त्याच खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करा. तिथेही दाद लागली नाही तर 90 दिवसांत माहिती आयोगाकडे जा. त्यासाठी अर्जाची पोचपावती पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.