कुत्र्यासाठी जुनी गाडी घेताय? मग आधी डिकी उघडा

ब्रोशरमध्ये डिकीपुढे लिहिलेले लिटर विसरून जा. तो आकडा बॅगा रचायला उपयोगी. ‘कुत्रा आहे ना, मग एसयूव्हीच घे’ म्हणणाऱ्यांनाही लांबूनच नमस्कार करा. चार लाखांत मिळणारी एसयूव्ही बहुतेक वेळा डिझेल असते, लाखभर किलोमीटर पळून दमलेली असते आणि एकदा टर्बो गेला की घरातला महिन्याचा हिशेब कोलमडतो. खालचं सगळं पेट्रोल गाडी, चार लाखांच्या आगेमागे बजेट आणि वीस-तीस किलोचा कुत्रा धरून लिहिलंय. पामेरियन असेल तर माप-मॉडेलची चिंता सोडा आणि थेट चौथ्या पायरीवर जा.

१. टेप घ्या

कुत्र्याची उभ्याने डोक्यापर्यंत उंची आणि पाय पसरून कुशीवर झोपल्यावर लागणारी जागा मोजा. गाडीत तीन मापं घ्यायची: दोन चाकांच्या कमानींमधली रुंदी, डिकीच्या तळापासून तिरक्या काचेपर्यंतची उंची आणि जमिनीपासून डिकीच्या उंबऱ्यापर्यंतची उंची. हे शेवटचं माप कोणी घेत नाही. कुत्रा आठ-नऊ वर्षांचा झाला आणि मागचे पाय आखडायला लागले, की त्या उंबऱ्यावरून त्याला रोज तुम्हीच उचलणार असता.

लॅब्रॅडॉर नुसत्या खांद्यापाशीच ५५ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. साध्या हॅचबॅकच्या डिकीत तो नीट उभा राहत नाही, त्यामुळे तो मागच्या सीटवर किंवा सीट पाडून केलेल्या जागेत जाणार हे गृहीत धरा. सीट पाडल्यावर तळ सपाट होतो की मध्ये पायरी राहते, तेही बघा. पायरी राहत असेल तर खाली गादी लागेल आणि तेवढी उंची कमी होईल.

२. मॉडेल

वॅगनआर उंच आहे, सुटे भाग गल्लीबोळात मिळतात आणि विकायला त्रास नाही. जुन्या आकाराच्या गाडीची डिकी १८० लिटरचीच. २०१९ मध्ये आलेल्या नव्या आकाराची ३४१ लिटर. पैसे पुरत असतील तर नवी. जुनी घ्यायची असेल तर मागची सीट कायमची कुत्र्याच्या नावावर करावी लागेल.

ईकोची पाच सीटवाली मागून खोलीसारखी मोकळी असते, पण इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे उन्हाळ्यात तळ तापतो. शिवाय २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-सुरक्षा चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला शून्य तारे मिळाले होते. गावातल्या गावात ठीक, रोजच्या हायवेला मी घेणार नाही.

बजेट जरा ताणता येत असेल तर रेनोची ट्रायबर बघा. तिसरी रांग उचलून बाहेर काढली की ६२५ लिटर जागा मिळते आणि मागच्या रांगांनाही एसीचे झरोके आहेत. मात्र काढलेल्या सीट विकणाऱ्याकडून मागून घ्या. माळ्यावर पडलेल्या असतात आणि व्यवहार झाल्यावर सापडत नाहीत. इंजिन एक लिटरचं आहे. भरलेली गाडी घाटात कुंथते.

होंडाच्या जाझमध्ये काही व्हेरिएंटना मागच्या सीटची बैठक सिनेमागृहातल्या खुर्चीसारखी वर उचलता येते. मग तळापासून छतापर्यंत मोकळी जागा होते आणि मोठा कुत्रा तिथे ऐटीत बसतो. जाहिरातीवर विश्वास ठेवू नका, हाताने उचलून बघा. अर्टिगा उत्तम, पण या किमतीत दिसणाऱ्या बऱ्याच अर्टिगा आधी टुरिस्ट परमिटवर पळलेल्या असतात. नंबरप्लेट पिवळ्याची पांढरी झाली म्हणून इंजिन तरुण होत नाही. सेडानचा विचारच करू नका.

३. सीएनजी

नको. टाकी नेमकी कुत्र्याच्या जागेत बसते. अगदीच घेतली तर बाहेरून बसवलेल्या किटची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी झाल्याचा दाखला हवा.

४. डिकी: खरी परीक्षा इथे

बहुतेक लोक बोनेट उघडतात, इंजिनाकडे गंभीर चेहऱ्याने बघतात आणि बोनेट लावतात. विकणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून इंजिन धुऊन चकाचक केलेलं असतं. मागे कोणी बघत नाही. पुढून ठोकलेली गाडी ओळखायला मीही लवकर शिकले; मागून ठोकलेली आणि पाण्यात बुडालेली ओळखताना मात्र बरीच वर्षं चाचपडत होते. कुत्र्यासाठी गाडी बघताना तर हीच जागा आपल्याला वापरायची असते. सलग चार मिनिटं डिकीत डोकं घालून बसायला लाजू नका.

आधी मॅट उचला. जुन्या गाड्यांच्या एका यार्डात पांढऱ्या वॅगनआरचा डिकीतला गालिचा कडेने ताज्या गोंदाने चिकटवलेला होता. ‘कंपनीकडूनच असा येतो’ असं यार्डवाले म्हणाले. कंपनीकडून असा येत नाही. तो सहज उचलता येतो, कारण खाली स्टेपनी असते. मी कोपऱ्यातून ओढला. खाली स्टेपनीच्या खड्ड्याचा पत्रा एका बाजूला चुरगळून परत ठोकलेला होता आणि वर काळा रंग फासला होता. मी टेप खिशात टाकली आणि निघाले.

स्टेपनी बाहेर काढा आणि टॉर्च मारा. पत्र्याच्या सांध्यावर कंपनीचं सीलंट सारख्या जाडीत, सरळ रेघेत असतं. बोटाने फासल्यासारखं ओबडधोबड दिसलं किंवा नख रुतलं, तर तिथे काम झालंय. कडेने वेल्डिंगचे गोल ठिपके ठरावीक अंतरावर असायला हवेत. मध्येच गायब असतील किंवा घासून सपाट केलेले असतील, तर पॅनेल बदललंय. डिकीचं रबर ओढून खाली बघा; रंगाचे शिंतोडे तिथे हमखास सापडतात. दरवाजा लावल्यावर डावी-उजवी फट सारखी हवी. एक टेललाइट पिवळट आणि दुसरा कोरा करकरीत असेल तर का, ते विचारा. काचांच्या कोपऱ्यातल्या छापावर बनवल्याचं साल ओळखता येतं. मागची एकच काच वेगळ्या कंपनीची किंवा नंतरच्या सालाची असेल, तर तेही विचारा. शंका आली की पातळ फडक्यात लोहचुंबक गुंडाळून पत्र्यावर फिरवा. डेंट बुजवायला भरलेल्या पुट्टीवर तो धरत नाही.

आता पाणी. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत, २०२१ मध्ये चिपळूणला आणि २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रोडला पाणी घुसलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या, ते आठवा. विम्याने ‘टोटल लॉस’ ठरवलेल्या गाड्या लिलावात जातात आणि त्यातल्या काही सीटकव्हर बदलून पुन्हा बाजारात येतात. मागच्या सीटबेल्टचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातीची रेघ असेल तर गाडी बुडालेली आहे. पट्टा तळाशी कोणी धूत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात वाळलेला गाळ, सीटच्या रुळांवर गंज, सीटखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट-पांढरी पूड या पुढच्या खुणा. आत तीव्र वासाचं परफ्यूम लावलं असेल तर काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. कुबट वास खालून वर येतोच. असली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. वायरिंगची दुखणी वर्षभराने सुरू होतात आणि संपत नाहीत.

किरकोळ डेंट-पेंटला मी नाही म्हणत नाही. आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये पाच-सहा वर्षांच्या गाडीला एकही पॅनेल रंगवलेलं नसेल, तर उलट नवल. पत्रा वाकला आणि सांगाडा वाकला यात फरक आहे, आणि तो स्टेपनीखाली दिसतो.

५. इंजिन, क्लच, सस्पेन्शन

ओळखीचा मेकॅनिक न्या आणि त्याची मजुरी द्या. गाडी आधी गरम करून ठेवू नका, असं विकणाऱ्याला फोनवरच सांगा. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर तीस हजार आणि टायर दुसऱ्यांदा बदललेले, हे गणित जुळत नाही.

६. कुत्र्यासह चक्कर

दुसऱ्या फेरीत कुत्रा बरोबर न्या, दुपारी न्या. विकणाऱ्याने नाक मुरडलं तर सीटवर टाकायची चादर दाखवा. मागे एसीचा झरोका नसेल तर पुढचा वारा मागे पोचायला किती वेळ लागतो, ते मागे बसून बघा. नागपूर-अकोल्याकडच्यांनी झरोक्याशिवाय गाडी घेऊच नये. कुत्र्याला हार्नेस घालून सीटबेल्टच्या बकलला अडकवा. पट्टा गळ्यातल्या कॉलरला बांधू नका, ब्रेक लागला की मान जाते. बकल बैठकीत रुतलेलं असेल तर ते रोज शोधावं लागेल, हेही आत्ताच कळू दे.

७. कागद

आरसीवर कर्जाची नोंद असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला २९ आणि ३०, परराज्यातली गाडी असेल तर २८. दिल्ली पासिंगच्या स्वस्त डिझेल गाड्यांच्या मोहात पडू नका: तिथे जुन्या डिझेल गाड्यांवर बंधनं आहेत, म्हणून त्या इकडे येतात, आणि इथला रोड टॅक्स तुम्ही भरता. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेट बसवली आहे का ते बघा. थकलेली ई-चलानं टोकन देण्याआधी भरायला लावा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सवलत) जुन्या मालकाचाच राहतो, तो किमतीत धरू नका. आरसीसाठी तीस दिवस असतात. डिलिव्हरीच्या चिठ्ठीवर तारखेबरोबर वेळही लिहून दोघांनी सह्या करा, म्हणजे त्या दिवशी सकाळी पडलेलं चलान कोणाचं यावरून वाद होत नाही.