जॅमसाठी थोडी कच्चट स्ट्रॉबेरीही तोडा
भिलार-पाचगणीकडे मुलांना घेऊन स्ट्रॉबेरी तोडायला जाणार असाल तर सकाळीच शेतात पोचा. उन्हात तापलेलं फळ घरी येईपर्यंत मऊ पडतं. ओढू नका, देठासकट खुडा. जॅम करायचा असेल तर लालबुंद फळांत थोडी अर्धवट पिकलेलीही घ्या. स्ट्रॉबेरीत पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातला घटक) मुळातच कमी, पिकेल तसं आणखी घटतं. म्हणून नुसत्या पिकलेल्या फळांचा जॅम पातळ राहतो (आमचा पहिला तर चक्क सरबत झाला होता). किलोला पाऊण किलो साखर, एका लिंबाचा रस. धुऊन मगच देठ काढा, नाहीतर फळात पाणी शिरतं. जॅम शिजत आला की फ्रीजमधल्या गार बशीत त्याचा थेंब टाकून बघा. बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली की गॅस बंद.